विरजणाचं बोट

फडकं उचललं आणि दहीवालीच्या तोंडून शिवी गेली. मडकं तिरकं केलं तर दही जागचं हलता कामा नये. इथं पांढरं पाणी काठापर्यंत आलं, डचमळलं आणि तिच्या पायावर सांडलं. दुसऱ्या मडक्याचं तेच, तिसऱ्याचं तेच. फळीवरच्या अख्ख्या ओळीत एकाही मडक्यात विरजण लागलं नव्हतं. काल संध्याकाळी ओतलेलं दूध रात्रभर नुसतं बसून राहिलं होतं आणि आता त्याला आंबूस वास सुटला होता. आठवड्यातली ही तिसरी खेप.

"लागली वाट," असं म्हणून तिनं मडकं फळीवर आपटलंच.

दारात मुलगा दुचाकीच्या मागं जाळीची पेटी बांधून उभा होता. सकाळी लवकर दही खाणावळीत पोचतं करायचं हे त्याचं काम. त्यानं आत डोकावून पाहिलं, नाक मुरडलं आणि पेटीची दोरी सोडायला लागला.

"तिथं जाऊन काय सांगू आता?"

"काय सांगायचंय? खरं ते सांग. बायकोच्या हातानं नासलं म्हणावं."

"आई, तिनं नुसती मडकी धुतली."

"तेच म्हणते मी. कशी धुतली?"

सून मोरीपाशी उजवा हात काखेत दाबून उभी होती. हात दुखायला लागला की ती असाच दाबून धरायची. तिनं सासूकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं आणि डाव्या हातानं नासकं दूध बादलीत ओतायला घेतलं.

खाणावळवाल्यानं चार दिवसांपूर्वीच बजावलं होतं. उन्हाळ्याचे दिवस, त्याच्याकडं जेवणापेक्षा दह्याला गिऱ्हाईक जास्त. "मावशी, तुमच्या दह्याला नाव ठेवायला जागा नाही," तो म्हणाला होता, "पण दही आलंच नाही तर मी ताटात काय वाढू, तुमचं नाव?" गल्ल्यासमोर चारचौघं जेवत होते. त्यांच्या देखत दहीवालीनं सांगून टाकलं होतं, "माझ्या दह्यात खोट नाही. सुनेच्या हाताला दुखणं लागलंय, त्या हातानं होतंय सगळं. मी बघते तिच्याकडं." जेवणाऱ्यांनी माना डोलावल्या होत्या. सासूनं सुनेवर ढकललेली गोष्ट लोकांना कशी लगेच पटते.

मुलगा तासाभरानं रिकाम्या पेटीनं परत आला. दुचाकी भिंतीला टेकवून म्हणाला, "या आठवड्यापुरतं दुसरीकडून घेतो म्हणाला. सोमवारी नीट दही आलं तर ठीक. नाही तर कायमचा नमस्कार."

खाणावळ तुटली की गोठा तुटला. सात गायींचं दूध घेणारं दुसरं कुणी जवळपास नव्हतं. गायी विकाव्या लागतील हे घरात कुणी तोंडानं बोललं नाही, पण त्या दिवशी पाणी पाजताना मुलानं प्रत्येक गाईच्या पाठीवरून जरा जास्तच वेळ हात फिरवला, ते दहीवालीनं पाहिलं.

सुनेचा हात थंडीपासून बिघडला होता. आधी अंगठा मुंग्यायचा, मग शेजारची दोन बोटं. रात्री ती उठून बसायची आणि हात झटकत राहायची. मग हातातून वस्तू पडायला लागल्या. एकदा दुधाची भरली बादली सुटली आणि शिंगमोड्या गाईनं घाबरून जी लाथ घातली ती सुनेच्या गुडघ्यावर बसली. मुलगा तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईनं मनगट दाबून पाहिलं, उलटंसुलटं वाकवलं आणि सांगितलं की मनगटाच्या आत शीर आवळली जातेय. आत पातळ पत्री असलेला एक पट्टा दिला. कामात आणि झोपेत हा काढायचा नाही. दोन महिन्यांत उतार पडला नाही तर छोटासा छेद घेऊन शीर मोकळी करावी लागेल, म्हणजे काही आठवडे धार काढणं बंद.

"कापायचा म्हणे हात!" दहीवालीनं शेजारपाजारी सांगितलं. "आम्ही जन्मभर सड ओढले, आम्हाला कुणी कापलं नाही. आम्हाला झोपसुद्धा लागायची नाही मुंग्यांनी, पण आम्ही बोभाटा केला नाही. पोरींना हल्ली मुंगी चावली तरी दवाखाना लागतो."

धार काढायची या घरची रीत तिनंच सुनेला शिकवली होती. अंगठा आत दुमडायचा, त्याच्या पेरावर सड दाबायचा आणि ओढायचा. धार जाड पडते, काम झटपट उरकतं. तिच्या सासूनं तिला तसंच शिकवलं होतं. सुनेचा अंगठा पहिल्या महिन्यात सुजला होता, तेव्हा तिनं कौतुकानं म्हटलं होतं, आता तू या घरची झालीस.

पट्ट्याचं मात्र तिला पहिल्या दिवसापासून वावडं. दुधाचे थेंब त्यात मुरायचे, उन्हानं वास मारायचा. पहिल्यांदा दही नासलं त्या दिवशी तिनं तो पट्टा सुनेच्या हातावरून काढायला लावला. "याचीच घाण पडते दुधात," ती म्हणाली आणि घेऊन गेली. पुढं तो कुठं गेला ते सुनेनं विचारलं नाही. विचारून काय होणार होतं?

गुरुवारी संध्याकाळी दूध तापवून मोठ्या पातेल्यात निवत ठेवलं होतं. आता दहीवालीचं काम. या कामात ती कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. विरजण घालायच्या आधी दुधात उजव्या हाताचं पहिलं बोट बुडवायचं आणि मनात आकडे मोजायचे. चटका तर बसला पाहिजे, पण दहा मोजेपर्यंत बोट आत टिकलं पाहिजे. दहाच्या आत काढावं लागलं तर दूध जास्त गरम, चटका बसलाच नाही तर निवून गेलेलं. हे बोट तिच्या सासूकडून तिच्याकडं आलेलं होतं, म्हणजे रीत आली होती, बोट तिचं स्वतःचं. आपल्या बोटाचा तिला जिल्ह्याच्या साहेबाला सहीचा नसेल एवढा तोरा होता. मुलानं एकदा दुधात घालायची तापमापी आणली, तर ती म्हणाली, "दुधाला काय ताप आलाय?" ती तापमापी खिळ्याला लटकत होती आणि तिच्यावर कोळ्यानं संसार मांडला होता.

तिनं बोट बुडवलं. एक, दोन, तीन. चटका काही बसेना. हल्ली दूध फार लवकर निवायला लागलं होतं. भर उन्हाळ्यात दूध लवकर निवतं, याचं तिला स्वतःलाच नवल वाटायचं. वैरणीत काहीतरी फरक असेल. म्हणून ती हल्ली पातेलं चुलीवरून उतरवल्यावर फार थांबत नसे. दहा मोजून झाले. बोट आत ठणठणीत.

"आण विरजण. निवत चाललंय."

सून वाटी घेऊन आली. पातेल्याच्या बाजूला तिचा डावा हात लागला आणि तिनं तो पटकन मागं घेतला. दहीवालीनं ते पाहिलं नाही. सून काहीतरी बोलायला गेली आणि गप्प बसली. महिन्यापूर्वी ती एकदा म्हणाली होती, "आई, दूध जरा जास्त गरम वाटतंय." तेव्हा सासूनं शेजारणीच्या देखत उत्तर दिलं होतं, "आधी बादली धरायला शीक, मग दुधाचा ताप बघ. मेलेल्या बोटांना काय कळतंय?" पट्टा गेला तो त्याच्या दुसऱ्या दिवशी.

शुक्रवारी सकाळी मडक्यात पुन्हा पाणी.

तेव्हा दहीवालीनं ठरवलं की सुनेचं हे सोंग आता मोडायचं. बाजाराच्या गावी एक तुंबडीवाला बसायचा. शिंगाची तुंबडी लावून नासकं रक्त काढायचा. गुडघे, पाठ, खांदे, लोक लांबून यायचे. दहीवालीच्या डोक्यात हिशेब वेगळाच होता. तुंबडीवाल्याची पाती डोळ्यांसमोर चमकली की दुखणं खरं असेल तर पोरगी हात पुढं करील, आणि खोटं असेल तर आपसूक बरी होईल. मुलगा दवाखान्यात विचारून आला. डॉक्टरीणबाई म्हणाली, "माझा पट्टा आणि माझी तारीख सोडणार नसाल, पाती उकळून घेणार असतील, तर सोबत करा. त्याच्याऐवजी नाही." मुलानं ते घरी जसंच्या तसं सांगितलं. पट्ट्याचं नाव निघाल्यावर तिघंही वेगवेगळ्या दिशांना पाहायला लागली.

रविवारी सकाळची धार उरकून अंगण झाडून होतंय तोवर तुंबडीवाला आला. वाळका, उंच, खांद्याला पिशवी. आल्या आल्या त्यानं पाणी उकळायला सांगितलं. पाती त्यात टाकली, शिंगं टाकली. गाईच्या शिंगाची टोकं कापून केलेल्या त्या नळ्या, वरच्या टोकाला बारीक भोक. त्यानं कापूस काढला, स्पिरिटची बाटली काढली, मेणाची गोळी तोंडात टाकली आणि सुनेला बाजेवर बसवलं. दहीवाली खांबाला टेकून उभी राहिली. तिला आतून थोडी मजाच वाटत होती.

"पट्टा दिला असेल ना डॉक्टरनं?" तुंबडीवाल्यानं विचारलं. "कुठंय?"

सून पायाच्या अंगठ्याकडं पाहत राहिली. मुलानं खोकल्यासारखं केलं.

"आहे कुठंतरी," दहीवाली म्हणाली. "तुम्ही तुमचं बघा."

त्यानं एकदा सासूकडं पाहिलं आणि एकदा सुनेकडं. अशी घरं त्यानं पुष्कळ पाहिली असावीत. पिशवीतून एक सुई काढून ती ज्योतीवर धरली, पुसली. "पोरी, डोळे मिट. मी बोटांना टोचणार. टोचलं की सांग."

सुनेनं डोळे मिटले. तिची मान आखडली होती. तुंबडीवाल्यानं तिचा अंगठा धरला आणि सुई टोचली. सून गप्प. पहिल्या बोटाला टोचली. गप्प. मधल्या बोटाच्या पेरात त्यानं सुई टोचली आणि सोडून दिली. सुई बोटात उभी राहिली. तिच्या बुडाशी रक्ताचा टिपका आला, मोठा झाला आणि बोटावरून तळव्यावर ओघळला.

"सुरू करा ना," सून मिटल्या डोळ्यांनी म्हणाली. "मी तयार आहे."

मुलानं तोंडावर हात ठेवला. दहीवाली त्या उभ्या सुईकडं नुसती बघत राहिली. तुंबडीवाल्यानं सुई काढली आणि करंगळीला अगदी हलकी टेकवली.

"आई गं!" सुनेनं हात ओढून घेतला. डोळे उघडले, तेव्हा तिला तळव्यावरचं रक्त दिसलं. "हे कधी झालं?"

"सोंग नाही हे," तुंबडीवाला म्हणाला. तिथं कुणी सोंग हा शब्द काढला नव्हता, पण त्याला ऐकू आला असावा. "सोंग करणारा सगळ्या हाताचं करतो. तीन बोटं मेलेली आणि करंगळी जिवंत, एवढी अक्कल सोंगाला नसते. करंगळीची शीर वेगळ्या वाटेनं जाते."

दहीवालीची जीभ मात्र अजून हरायला तयार नव्हती. ती खांब सोडून पुढं आली.

"त्यात काय एवढं? धार काढणाऱ्या सगळ्याच बायकांची बोटं अशी असतात. माझीही अशीच आहेत. वीस वर्षं मुंग्या येतायत. म्हणून मी काय बाजेवर पडले?" आणि तिनं आपला उजवा हात तुंबडीवाल्यापुढं केला. "टोचा. बघू द्या हिला पण. मी डोळे मिटते."

"आई, राहू दे," मुलगा म्हणाला.

"टोचा म्हणते ना!"

तिनं डोळे मिटले. अंगणात गाय शेपटीनं माशा मारत होती, त्याचा आवाज तिला येत होता. चुलीवरचं पाणी उकळत होतं. ती वाट पाहत राहिली. पुष्कळ वेळ झाला.

"अहो, टोचा की. दिवस मावळायची वाट बघता का?"

"बाई," तुंबडीवाला हळू आवाजात म्हणाला, "डोळे उघडा."

तिच्या अंगठ्यावर, पहिल्या बोटावर, मधल्या बोटावर रक्ताचे तीन टिपके होते. चौथ्या बोटाच्या अर्ध्या बाजूवर एक. ती हसायला गेली. "बघा, मी कुठं रडले? मी सांगितलं ना, असंच असतं..."

तिचं वाक्य अर्धंच राहिलं, कारण तिघंही तिच्याकडं पाहत होती आणि त्यातलं कुणी हसत नव्हतं. तुंबडीवाल्यानं तिचा हात उजेडाकडं वळवला. अंगठ्याच्या बुडाशी तळव्यावर मांसाचा उंचवटा असतो, तिथं तिच्या हाताला खळगा होता. त्यानं सुनेचा हात शेजारी ठेवला. एका हाताला उंचवटा, एकाला खळगा. मग त्यानं तिच्या पहिल्या बोटाचं टोक निरखलं.

"हे कशानं भाजलंय?"

"भाजलंय? कुठं भाजलंय?"

"हे काय. कातडं सोलवटलंय, खाली लाल मांस आहे. एकदाचं नाही हे, पुन्हा पुन्हा भाजलेलं आहे. त्याच जागी."

"उन्हाळ्यानं सोललंय ते."

"उन्हाळा एकाच बोटाला होत नाही, बाई."

दहीवालीनं बोट डोळ्यांजवळ नेलं. रोज बघत होती ती या हाताकडं, पण बघितलं आजच. पोलक्याचे हुक तिला हल्ली लागत नव्हते, तर ती म्हणायची शिंपी मेले बारीक हुक लावतात. सुईत दोरा जात नव्हता, तर म्हणायची सुयांची भोकं लहान झाली. पहाटे उठून हात झटकायची, तिची सासू पण झटकायची. तिला वाटायचं, हात हे असेच असतात. दुसऱ्याचा हात आतून कसा असतो हे कुणाला कळणार आहे?

"मला पण लावा मग तुंबडी," ती म्हणाली. आवाज तिच्या ओळखीचा राहिला नव्हता.

तुंबडीवाल्यानं मान हलवली. "पोरीच्या हाताला लावतो. तिचं मांस अजून शाबूत आहे. थोडं रक्त काढलं तर चार दिवस हलकं वाटेल, पण पट्टा लावायचा आणि डॉक्टरची तारीख चुकवायची नाही. तुमच्या हाताला शिंग लावून मी फक्त तुमचं रक्त काढीन. तुम्ही पोरीच्या आधी डॉक्टरकडं जा."

मग त्यानं सुनेच्या मनगटाच्या जरा वर शिंग टेकवलं, भोकातून हवा ओढली, गाल आत गेले, आणि जिभेनं मेण लोटून भोक बंद केलं. कातडी आत उचलली गेली. थोड्या वेळानं शिंग काढलं तेव्हा तिथं लालबुंद गोल उठला होता. पातीनं त्यावर बारीक बारीक चिरा दिल्या आणि शिंग पुन्हा लावलं. सुनेनं दात आवळले. दर वेळी शिंगातून दाट, काळपट रक्त गोळ्यासारखं वाटीत पडलं. मुलगा तोंड फिरवून उभा राहिला. दहीवाली मात्र सबंध वेळ बघत होती, आणि तिचा डावा हात उजव्या हाताच्या त्या खळग्यात सारखा जात होता.

दुपारी ती जेवली नाही. गोठ्यात जाऊन बसली.

संध्याकाळची धार मुलानं काढली. त्याचा हात बसलेला नव्हता, गायी त्याच्यावर रागावून होत्या. दूध तापलं, पातेलं उतरवलं. उद्या सोमवार. सून हाताला कापसाची पट्टी बांधून वाटीत विरजण घेऊन उभी होती, रोजच्यासारखी दोन पावलं लांब.

दहीवालीनं पहिलं बोट दुधात बुडवलं. एक, दोन, तीन, चार. चटका नाही. दहा. रोजच्यासारखंच. तिनं बोट काढलं, पुसलं. मग तिनं करंगळी बुडवली.

ती ओरडलीच. एक म्हणायलाही वेळ मिळाला नाही. हात झटक्यानं वर आला, दुधाचे थेंब भिंतीवर उडाले. तिनं करंगळी तोंडात धरली आणि डोळे विस्फारून पातेल्याकडं पाहत राहिली. दूध पोळत होतं. त्यात विरजण म्हणजे आगीत बी पेरणं. रोज, याच हातानं, दहा मोजून, ती विरजण जाळत आली होती. मडकी स्वच्छ होती. पट्ट्याचा काही दोष नव्हता. सुनेचा हात मडक्याला लागो न लागो, दही मडक्यात जायच्या आधीच मेलेलं होतं.

ती चुलीजवळच्या पाटावर बसली.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

सूनबाईनं विरजणाची वाटी खाली ठेवली.

"तू सांगितलं होतंस मला. दूध गरम आहे म्हणून."

"हो."

"मग पुन्हा का नाही सांगितलंस? गोठा बुडायला आला होता!"

"एकदा सांगितलं तर पट्टा गेला, आई," सून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच दहीवालीला सोसलं नाही. "दुसऱ्यांदा सांगितलं असतं तर काय गेलं असतं, काय ठाऊक."

दहीवाली उठली. अंधार पडायला अजून वेळ होता. गोठ्याच्या मागं वासरांच्या खोपटाचं फाटक होतं, त्याची कडी तुटली होती. ती फाटकाजवळ गेली. फाटक आणि खांब एकत्र आवळून धरायला तिनं महिन्यापूर्वी एक घट्ट, टिकाऊ वस्तू बांधली होती. तो पट्टा. त्याच्यावर शेण वाळलं होतं, वासरांनी एक टोक चघळलं होतं. तिनं बक्कल सोडायला घेतलं. अंगठा आणि बोट बकलावर होते की नाही तेच तिला कळेना. ती खेचत राहिली. बक्कल हलेना. तिला रडू फुटलं, मोठ्यानं, पोरासारखं, गाईंनी माना वळवून पाहिलं.

मागून सून आली. तिनं डाव्या हातानं पट्टा ताणून धरला, आणि दहीवालीनं करंगळीच्या नखानं बक्कल उचकटलं. पट्टा सुटला. वासरू लगेच फाटकातून बाहेर पळालं आणि आईला जाऊन चिकटलं. त्याला कुणी अडवलं नाही.

दहीवालीनं पट्टा गरम पाण्यात साबण घालून तीनदा धुतला. आत पत्री होती ती सरळ केली. चुलीपुढं वाळवला. मग सुनेपुढं बसून तो तिच्या मनगटावर, पट्टीच्या वरून, हळूहळू बांधला. फार आवळला जातो की काय हे तिला बोटांनी कळत नव्हतं, म्हणून ती सारखी विचारत होती. "लागतं का? आता? आता लागतं का?"

"नाही आई. बरोबर आहे."

"दुधाचं बघ आता. निवलं असेल."

सुनेनं डाव्या हाताचं बोट पातेल्यात बुडवलं. दहीवालीनं आकडे मोठ्यानं मोजले, तिला मनात मोजायचा धीर नव्हता. सुनेनं चारला बोट काढलं. थांबल्या. थोड्या वेळानं पुन्हा बुडवलं, सातला काढलं. पुन्हा थांबल्या. मुलगा दारात येऊन उभा होता. चौथ्या वेळी दहीवालीनं दहा म्हटलं आणि सुनेचं बोट आतच होतं, कपाळावर एक बारीक आठी होती.

"घालू?" दहीवालीनं विचारलं. तीस वर्षांत तिनं हे कुणाला विचारलं नव्हतं.

"घाला."

त्या रात्री सून हात झटकायला उठली नाही. शिंगानं गुण दिला की पट्ट्यानं, कोण सांगणार? दहीवाली मात्र जागीच होती. एक मडकं तिनं उशाशी घेतलं असतं, पण हलवलं तर मोडेल म्हणून दुरूनच बघत राहिली.

सोमवारी सकाळी फडकं सुनेनं उचललं. मडकं तिरकं केलं. दही जागचं हललं नाही. दुसरं केलं. तिसरं. सगळी ओळ.

मुलगा पेटी बांधत असताना दहीवाली म्हणाली, "मी पण येते. आणि हिला पण घे. परत येताना दवाखाना करू." एका दुचाकीवर तिघं आणि दही कसं बसणार, असं मुलगा म्हणाला. शेवटी दही आणि मुलगा दुचाकीवर गेले आणि सासूसुना पायी. ऊन चढत होतं. एकदा दहीवालीनं सुनेच्या पट्ट्याकडं पाहून विचारलं, लागतं का, आणि सून म्हणाली, नाही.

खाणावळीत सकाळची गर्दी होती. त्या दिवशीचेच दोघंतिघं पुन्हा ताटावर होते. खाणावळवाल्यानं मडक्यात चमचा घातला, दह्याचा तुकडा अखंड उचलला गेला. त्यानं चव घेतली आणि डोळे मिटले.

"हे बघा! याला म्हणतात मावशींचं दही." दारात उभ्या असलेल्या सुनेकडं त्याचं लक्ष गेलं नाही, आणि तो हसून मोठ्यानं म्हणाला, "हटवलंत वाटतं शेवटी सुनेला कामावरून?"

जेवणाऱ्यांनी माना वर केल्या. मुलाच्या हातातलं रिकामं मडकं तसंच राहिलं. दहीवालीनं गल्ल्यावर आपला उजवा हात पालथा ठेवला, मग उलटा केला. सोललेलं बोट, चार टोचे, अंगठ्याखालचा खळगा, सगळ्यांना दिसेल असा.

"नाही," ती म्हणाली. "तिनं मला हटवलं. दही नासवणारा हात हा होता."